उडीसरांची सही

कुठल्याही खोलीत शिरलं की हा माणूस आधी बाहेर कसं पडायचं ते बघायचा. लग्नाचा मांडव असो, तालुक्याची बैठक असो, नाहीतर सांत्वनाला गेलेलं कुणाचं घर असो. भिंतींवरून एकदा नजर फिरवायची, खिडक्यांना गज आहेत का ते पाहायचं, दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते ध्यानात ठेवायचं आणि मग दाराशेजारची जागा धरून बसायचं. यजमानांनी पुढे येऊन बसायचा आग्रह केला तर "मी इथंच बरा" एवढंच उत्तर. आम्ही बाकीचे शिक्षक त्यांच्यापासून लांब बसायचो. जवळ बसलं की या खोलीत आपण सगळे कसे मरू शकतो, हे तपशीलवार ऐकून घ्यावं लागायचं.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मला ते आवडत नसत. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी उपमुख्याध्यापिका आणि ते विज्ञानाचे शिक्षक. अकरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये काढली. लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी वहीत दोन रकाने पाडले, डावीकडे चांगलं, उजवीकडे वाईट. उजवा रकाना पान भरून मागच्या पानावर गेला. तुसडे, हेकट, चारचौघांत पाणउतारा करणारे, चहा पाजला तरी आभार न मानणारे. डावीकडे जे थोडं उतरलं, त्यासाठी हा लेख.

त्यांचा हेका कसा होता ते एका प्रसंगावरून कळेल. सोनपेठला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सोळा जण एका खासगी मिनीबसनं निघालो होतो. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'संकटकालीन मार्ग' असं चिकटवलेलं. पाथरी मागे पडली आणि हे उठून त्या काचेची मूठ ओढायला लागले. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"ओ काका, काय करायलात? तुटंल ना ते!"

"तुटलंच पाहिजे. त्याच्यासाठीच हाय ते."

"काच निघंल म्हणायलो मी!"

"मी बी तेच म्हणायलो. निघत न्हाई."

त्यांनी गाडी थांबवायला लावली, आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं आणि मागे नेऊन दाखवलं. टपावर सामान चढवायची लोखंडी शिडी नेमकी त्या काचेवरून आडवीतिडवी वेल्डिंग केलेली होती. "वाचा," ते म्हणाले, "संकटकालीन मार्ग. आणि मार्गावर शिडी." मग एक जीप थांबवून ते तिच्यातून गेले. जीपला तर मागे दारच नव्हतं, म्हणून त्यांना ती पसंत. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

उडीसर हे नाव मुलींनी ठेवलेलं. नववीच्या वर्गात रॉकेटचा धडा आला की इतर शिक्षक इंधन, वेग, कक्षा शिकवतात. हे फळ्यावर रॉकेट काढायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "हे पेटलं. तुम्ही टोकावर बसलात. उडी कुठून मारणार?" कुणी म्हणायची दारातून, कुणी म्हणायची पॅराशूटनं. मग ते जमिनीपासून वरपर्यंत एक उभी रेघ ओढत आणि तिचे तुकडे पाडत. उड्डाणाआधी, उड्डाणानंतरची पहिली दोन मिनिटं, त्याच्यावर, अवकाशात, परतताना. प्रत्येक तुकड्यापुढे एकेक सोय लिहायची आणि ती का चालणार नाही ते सांगून तिच्यावर फुली मारायची. तास संपेपर्यंत फळा फुल्यांनी भरलेला असे. मुलींना मजा वाटे. मला वाटे, हा माणूस चौदा वर्षांच्या पोरींना भीती शिकवतोय.

एका परदेशी यानावर त्यांचा विशेष राग होता. विमानासारखं उतरणारं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान. त्याच्या पहिल्या चाचणीच्या उड्डाणांत दोनच माणसं होती आणि दोघांनाही उडवून बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या. मग जास्त माणसं न्यायचं ठरलं. सगळ्यांना तशा खुर्च्या द्यायच्या तर वजन परवडेना आणि जागाही पुरेना. दोघांनाच दिल्या तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून दोघांच्याही काढल्या. पुढे एका थंडगार सकाळी ते यान वर गेलं आणि दीड मिनिटाच्या आत तुटलं. सात जण होते. त्यांत एक शाळेतली शिक्षिका होती आणि तिचे विद्यार्थी टीव्हीसमोर बसलेले होते. सर तेव्हा परभणीला कॉलेजात होते. बाजारातल्या एका दुकानातल्या टीव्हीवर त्यांनी ते पाहिलं. त्याबद्दल एवढंच सांगत.

त्यानंतर त्या यानांना एक वाकडा दांडा बसवण्यात आला. यान पडायला लागलं तर दार उडवायचं, दांडा बाहेर काढायचा आणि त्याच्यावरून एकेकानं घसरत पॅराशूटनं उडी मारायची. अट एकच, यान सरळ आणि शांतपणे तरंगत खाली येत असलं पाहिजे. "ज्या दिवशी एवढी शांतता असेल," सर म्हणायचे, "त्या दिवशी उडी मारायची पाळी कशाला येईल? अपघात झाल्यावर लोकांना काहीतरी दाखवायला लागतं. दांडा दाखवला." मला यात थोडा अन्याय वाटे. धावपट्टीपर्यंत न पोचणाऱ्या यानाला तो दांडा उपयोगी पडला असता. पण हे त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

एकच सोय त्यांना मान्य होती. यानाच्या टोकावर लहान रॉकेटांचा मनोरा बसवतात. खालचं मोठं रॉकेट पेटलं तर तो मनोरा माणसं बसलेली कुपी, म्हणजे कॅप्सूल, उचलून लांब नेतो. रशियाचं एक रॉकेट तळावरच पेटलं होतं, तेव्हा दोन माणसं अशीच वाचली. "कारण ती सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात होती. मागाहून चिकटवलेली नव्हती." हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत, कारण शाळेत मागाहून चिकटवायच्या सगळ्या गोष्टी माझ्या वहीत असत. अग्निशामक नळकांडं, वाळूच्या बादल्या, प्रथमोपचार पेटी, बाणांचे स्टिकर. "मॅडमनी वहीत टिक केली की गाव वाचलं," असं ते भर स्टाफरूममध्ये बोलायचे.

आता मूळ भांडण. आमच्या शाळेला दहावीची जादा तुकडी मिळाली, एक्केचाळीस मुलींची. खाली खोली शिल्लक नव्हती. वर एक हॉल होता, पण त्याला एकच अरुंद जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी सरकतं लोखंडी दार, ज्याला आम्ही चॅनेल गेट म्हणतो. एकदा एक परका माणूस आत येऊन उभा राहिला होता, तेव्हापासून मुलींच्या आयांच्या आग्रहानं प्रार्थनेनंतर त्या गेटला कुलूप लागायचं. हॉलमध्ये वर्ग भरवायचा तर बाहेर पडायचा दुसरा मार्ग आहे, असं सुरक्षा समितीनं लिहून देणं भाग होतं. समितीत तीन जण, हेडसर, मी आणि उडीसर. तिघांच्याही सह्या हव्या होत्या.

सही नसेल तर ही तुकडी दुपारच्या पाळीत जाणार होती. पाळी सुटायला साडेपाच. आमच्या निम्म्या मुली फाट्यापलीकडच्या खेड्यांतून येतात आणि तिकडे जाणाऱ्या जीपा पाचनंतर मिळत नाहीत. दुपारची पाळी म्हणजे पंधरा-सोळा मुलींची शाळा बंद, हे मला नावानिशी माहीत होतं. मी तशी यादीच केली होती. त्यातल्या तिघींची लग्नं महिन्याभरात ठरली असती. म्हणून मला ती सही हवी होती, आणि लवकर हवी होती.

मी कामाला लागले. मागच्या खिडकीचे गज कापून घेतले. विहिरी खोदणारे लोक उतरायला दोरीची शिडी वापरतात, त्यांच्याकडून एक मजबूत शिडी बनवून घेतली. खिडकीखाली दोन कड्या ठोकल्या आणि शिडी गुंडाळून टांगली. बाण लावले. वहीत सहा कलमं होती, सहाही टिक झाली. कागद उडीसरांपुढे ठेवला.

"बघू की आधी," ते म्हणाले. "गुरुवारी."

गुरुवारी गावचा बाजार. त्यांनी तोच दिवस मुद्दाम धरला होता, हे मला नंतर समजलं. मुलींना वर बसवलं, हातात घड्याळ घेतलं आणि ओरडले, "जिना पेटला! उतरा!"

मी शिडी खाली सोडली. पहिली मुलगी खिडकीपाशी आली, खाली बघितलं आणि मागे सरकली. खिडकीखाली बाजाराची गल्ली. भाजी घ्यायला आलेले दहा-बारा बाप्ये माना वर करून उभे.

"काय गं? उतर की," मी म्हणाले.

"मॅडम, खाली माणसं बघायलेत."

"बघू दे."

"माझा चुलता हाय त्यात."

ओढण्या सावरत सगळ्या जणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी आम्रपाली नावाची एक धीट मुलगी पुढे आली. तिनं ओढणी कंबरेला बांधली, "सरका गं" म्हणाली आणि उतरली. शिडी झोके घेत होती, तिचे गुडघे भिंतीवर आपटत होते. खाली कुणीतरी शिट्टी वाजवली. ती जमिनीवर पोचल्यावर सरांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. दोन मिनिटांना थोडंसं कमी.

"एकीला दोन मिनिटं. एक्केचाळीस जणी. करा हिशोब."

मी म्हणाले की शिडी दुसरा मार्ग आहे, पहिला मार्ग जिना. ते म्हणाले, "बरं, शिडी ऱ्हाऊ द्या. जिन्यानं उतरू." वर उरलेल्या चाळीस मुली आणि आम्ही दोघं जिना उतरून गेटपाशी आलो. कुलूप. किल्ली ज्ञानोबा मामांच्या कंबरेला, आणि ज्ञानोबा मामा, आमचे शिपाई, बाजारात वांगी निवडत होते. ते आले तेव्हा आम्ही वीस मिनिटं गजांमागे उभे होतो. बाहेरच्या बाजूनं हेडसर उभे, त्यांच्यासोबत शिक्षण खात्याच्या केंद्रावरून आलेले पाहुणे.

"मामा, किल्ली घेऊन कुठं गेलतात?" हेडसर ओरडले.

"बाजारात. किल्ली मॅडमनंच दिली हाय माझ्यापाशी, कुनाला द्यायची न्हाई म्हनून. म्हनून तर संगं नेली." मामांचं खरं होतं. तसं मीच वहीत लिहिलं होतं.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांच्यावर तुटून पडले. एवढी वर्षं ऐकून ऐकून मलाही त्यांची यानं पाठ झाली होती.

"सर, तुमच्या त्या यानात जास्त माणसं न्यायची होती म्हणून खुर्च्या काढल्या. बरोबर?"

"बरोबर."

"सगळ्यांना देता येत नव्हत्या, आणि उड्डाण तर करायचं होतं."

"बरोबर."

"मग माझंही तेच आहे. मला एक्केचाळीस मुली न्यायच्या आहेत. जगात सगळी सोय करून कुणीच कुठे जात नाही. तुम्ही सही करत नाही म्हणजे तुम्ही पंधरा मुलींना घरी बसवताय. आग लागेल तेव्हा लागेल. ह्या जूनमध्येच बुडतील."

त्यांनी हातातली वही मिटली. मग वर्गातली भाषा सोडून पाथरीकडच्या त्यांच्या बोलीत म्हणाले, "खुर्च्या काढल्या याचा मला राग न्हाई मॅडम. वजन होतं, जागा नव्हती, मी बी काढल्या असत्या. पण काढल्यावर त्या माणसांना म्हणायला पाहिजे होतं, की बाबांनो, आता बाहेर पडायची सोय न्हाई, येता का बोला. तसं न्हाई म्हणाले. आता हे रोजच्या गाडीसारखं झालं म्हणाले. तुमी ती शिडी काढून टाका. आयांना बोलवा. सांगा, वर एकच जिना हाय, पोरी पाठवता का. पाठवल्या तर मी सही करतो. शिडी लटकवून माझी सही मागू नका."

"असं सांगितल्यावर कोण पाठवेल?"

"मग तुमाला उत्तर ठाऊक हाय."

मी कागद उचलून निघाले. राग दुप्पट झाला होता.

त्याच्या काही महिने आधी आपल्या देशानं माणूस अवकाशात पाठवायच्या तयारीत नुसत्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी घेतली होती. कुपीत माणूस नव्हता. ती कुपी रॉकेटपासून सुटते का, पॅराशूट उघडतात का, समुद्रात नीट पडते का, एवढंच बघायचं होतं. सरांनी सगळ्या शाळेला पडद्यापुढे बसवलं. उलटी मोजणी शेवटच्या सेकंदांवर आली आणि थांबली. यंत्रानंच उड्डाण रोखून धरलं. मुली हिरमुसल्या. "झाला पोपट," हेडसर म्हणाले. उडीसर मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटेच. "आधी थांबता आलं पाहिजे," ते मुलींना सांगत होते. "उडणं काय, कुणालाही येतं." थोड्या वेळानं चूक सापडली, उड्डाण झालं, कुपी सुटून पॅराशूटनं समुद्रात उतरली. तेव्हा टाळ्या आमच्या. ते खाली बसून चष्मा पुसत होते.

त्या भांडणानंतर मी जे केलं ते इथे लिहिते, कारण लेख त्यांचा असला तरी ही ओळ माझी आहे. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस रजेवर गेले. मी समिती नव्यानं नेमून घेतली आणि त्यांच्या जागी हिंदीच्या सरांचं नाव घातलं. हिंदीचे सर कागद न वाचता म्हणाले, "कुठं करू, मॅडम?" मी बोट ठेवलं, त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी तुकडी वर भरली. फाट्यापलीकडच्या सगळ्या मुली आल्या. एकही गळली नाही.

सर परत आले ते काळा चष्मा लावून. मुलींना जिना चढताना पाहिलं आणि माझ्या टेबलापाशी आले.

"सही कुणाची घेतली?"

"समितीची."

"शिडीवरून पोरी उतरल्या का मग?"

मी वहीत पुढची टिक केली.

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. वर तक्रार केली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तर तयारही होतं. पण त्यांनी ते केलं नाही. त्यांनी ज्ञानोबा मामांना गाठलं.

"मामा, किल्ली."

"सर, ती माझ्याकडं हाय. मॅडमनं सांगितलंय."

"तुमी गुरुवारी बाजारात जाता का न्हाई?"

"जातो की. बाजार भरल्यावर जावंच लागतंय."

"मग द्या हिकडं."

त्या दिवसापासून जिन्याच्या पायथ्याशी एक स्टूल आलं. प्रत्येक मोकळ्या तासाला उडीसर त्याच्यावर बसून वह्या तपासायचे. गेट ओढलेलं, पण कुलूप काढून मांडीवर. तास असेल तेव्हा जिन्यालगतची खोली मागून घ्यायचे आणि दार सताड उघडं ठेवून शिकवायचे. एक डोळा फळ्यावर, एक गेटवर. डबाही तिथंच खायचे. वर्षभरात त्यांनी एकही किरकोळ रजा घेतली नाही. आम्रपालीची आई एकदा मुलीला सोडायला आली, तिनं विचारलं, "नवे वॉचमन का हो तुमी?" ते म्हणाले, "हो." आणि वही तपासत राहिले.

लोकांना वाटायचं, किती तळमळ. मला रोज सकाळी तो माणूस म्हणजे माझ्याविरुद्ध लिहिलेला अर्ज दिसायचा, स्टुलावर बसलेला. मुलींना त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मार्चमध्ये परीक्षा झाल्या. एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी कुणाचेही आभार मानले नाहीत. माइकवर पाच मिनिटं अवकाशयानांवर बोलले. शेवटी म्हणाले, "यानवाल्यांना एक गोष्ट उशिरा कळली. जड सामान आणि माणसं एकाच गाडीत घालायची नसतात. सामान वेगळं जाऊ द्यावं, त्याची गाडी पेटली तर पेटली. माणसं लहान, साध्या, सुटता येईल अशा गाडीत बसवावीत." नेहमीचंच आहे म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जेवणाची ताटं मोजत होते.

जाताना मीच बोलायला गेले. "सर, वर्ष झालं. काही झालं नाही."

"झालं न्हाई ते मी बी बघितलं. रोज बघत होतो." मग चप्पल घालता घालता म्हणाले, "त्या जातीच्या यानांची बी आधी चोवीस उड्डाणं नीट झाली होती."

मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या खोल्यांची यादी करायला बसले. रकाने नेहमीचेच, खोली, वापर, आत किती व्यक्ती. पहिली ओळ खालची सर्वांत मोठी खोली, रेकॉर्डची. सोळा कपाटं, जुनी रजिस्टरं, मोडकी बाकं, बक्षिसांच्या ढाली. व्यक्तींच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. शेवटची ओळ वरचा हॉल. व्यक्ती एक्केचाळीस. लिहिलं आणि पेन थांबलं. सामान खाली आणि मुली वर. हे त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्याच्या आधीही कितीदा तो ओझरता बोलला असेल. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण शाळेत रेकॉर्ड खालीच असतं आणि रेकॉर्डला लागून हेडसरांचं ऑफिस असतं. खोल्यांनाही मान असतो.

रेकॉर्ड वर आणि मुली खाली, असं सुचवताच हेडसर खवळले. "जुन्या नोंदी शोधायला रोज लोक येतात. त्यांना काय जिना चढायला लावायचं? आणि वर रेकॉर्ड जळालं तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हणाले. "तसं लिहून देते. मुलींचं तुम्ही लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. रविवारी कपाटं वर गेली, त्यांच्यामागे हेडसरांची खुर्चीही गेली. ज्ञानोबा मामा कंबर धरून म्हणाले, "मॅडम, ह्या कागदांपरीस पोरी हलक्या होत्या हो."

मग मी पाथरीला सरांच्या घरी गेले. सर अंगणात बाजेवर पडून होते, बरेच वाळलेले. श्वास पुरत नव्हता. सुनेनं चहा दिला. मी सगळं सांगितलं.

"वर आता काय हाय?" त्यांनी विचारलं.

"कपाटं, रजिस्टरं आणि हेडसर."

"मग पेटू द्या," ते म्हणाले आणि हसले. हसताना खोकला आला. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मी म्हणाले, "सर, त्या सहीचं जे झालं..."

"त्याचं काही बोलू नका. ते मी माफ न्हाई केलं." एवढ्या साध्या आवाजात म्हणाले की मला बरंच वाटलं. मग थोडा वेळ श्वास गोळा करून म्हणाले, "खाली आणल्या म्हणजे वाचल्या, असं वाटायलंय तुमाला. जमिनीवर बी मेलेत मॅडम. तिघं. उड्डाण नव्हतं. रॉकेटात इंधन नव्हतं. नुसती तालीम चालली होती. आत ठिणगी पडली. दार आतल्या बाजूला उघडत होतं. आगीनं आतला दाब वाढला, तिघांनी जीव लावला तरी दार हललं न्हाई. पुढं दार बदललं, बाहेर उघडणारं केलं. ते काही सुटकेचं यंत्र नव्हतं. नुसतं दार होतं." माझ्याकडे रोखून पाहिलं. "रेकॉर्डच्या खोलीचं दार कुठं उघडतं?"

त्या खोलीत किती खुंट्या, किती खिळे, किती बल्ब हे मला तोंडपाठ होतं. दार कुठे उघडतं ते माहीत नव्हतं.

तिथून थेट शाळेत गेले. दार ढकललं. आत गेलं. शेजारच्या खोलीचंही आत, त्याच्या शेजारचंही. सुतार बोलावून सगळ्या खोल्यांच्या दारांच्या बिजागऱ्या फिरवून घेतल्या. झाल्यावर सरांना फोन केला.

"दारं फिरवली सर. सगळी. आतून ढकलून पाहिली, उघडतात."

"कुणी ढकललं?"

"मी."

"एकटीनं?"

"हो."

"एकटीनं ढकललेलं काय कामाचं! चाळीस जणी भिऊन एकदम दारावर येतात तेव्हा बघा. मग सांगा मला." आणि फोन ठेवला.

शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी मी नव्या तुकडीला त्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं, बाहेर व्हरांड्यात घड्याळ घेऊन उभी राहिले आणि ओरडले. सुरुवातीला आतून नुसता गलका आला. मग दार एकदम धाडकन उघडून भिंतीवर आदळलं आणि मुलींचा लोंढा बाहेर आला. दोघी पडल्या, उठल्या, एकीची चप्पल आत राहिली. शेवटची मुलगी उंबरा ओलांडेपर्यंत अठ्ठावीस सेकंद झाले होते.

मी तिथूनच सरांना फोन लावला. सुनेनं उचलला.

"पप्पा गेले हो मॅडम. परवा. तुमाला कळवायचं ऱ्हायलंच बघा."

मुली व्हरांड्यात धापा टाकत, एकमेकींना ढोसत, हसत उभ्या होत्या. ओढण्या खांद्यावरून घसरलेल्या, कुणाचं लक्ष नव्हतं. ज्ञानोबा मामा पडलेल्या मुलीची चप्पल शोधून आणत होते. मी फोन पिशवीत टाकला.

"दोघी पडल्या," मी म्हणाले. "हे चालणार नाही. चला, आत बसा सगळ्या. पुन्हा एकदा."